दिसावं, पण ऐकू येऊ नये

“हिच्या तोंडातून शब्द निघंना, आन् ही लोकांना बोलतं करनार व्हय?”

मोठी आई म्हणाली आणि तिने सोललेली लसणाची पाकळी ताटात टाकली. तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती आणि तात्या, म्हणजे माझे थोरले काकू-काका, गावाहून शहरात आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर येऊन राहिले होते. मी चहाच्या रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी होते. आदल्याच दिवशी मानसशास्त्राच्या एम.ए.ला माझा प्रवेश नक्की झाला होता.

“शिकू द्या हो ताई,” आई म्हणाली. “लग्न ठरेपर्यंत घरी बसून तरी काय करणार आहे?”

आपण लेकीची बाजू घेतली असं आईला वाटलं. मला दोन्ही वाक्यं सारखीच लागली. मी ट्रे आत नेला, कप विसळले आणि काही न बोलता बाहेर आले. मागून मोठी आई म्हणाली, “बघ. म्हनलं नव्हतं?”

आज मी एका शाळेत आणि आठवड्यातले दोन दिवस एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून काम करते. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा मला आधी ते लसणाचं ताटच आठवलं. त्यामुळे मी कामाबद्दल लिहिण्याऐवजी ते काम करायला परवानगी देणाऱ्या डिग्रीबद्दल लिहिते आहे. ती मिळवताना जे झालं त्यातच माझं काम काय ते आलं.

मी बी.कॉम. होते. बाबांना मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं वाटत होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी हा मधल्या सुट्टीनंतरचा, डोळे मिटणारा तास होता. प्रवेश परीक्षेत मार्क चांगले पडले, मग मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या खुर्चीवर विभागप्रमुख कुलथे मॅडम. मानसशास्त्रच का, असं त्यांनी विचारलं आणि मी आरशासमोर पाठ केलेलं इंग्रजी उत्तर एका दमात म्हणून टाकलं. बाकीच्या दोघांनी मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, “आता हेच मराठीत सांग.”

मला येईना. मराठी माझी घरची भाषा, पण तिच्यात मी कधी स्वतःबद्दल काही सांगितलंच नव्हतं. घरात तशी वेळच आली नव्हती. मॅडम थांबल्या. पेन खाली ठेवून थांबल्या. मग म्हणाल्या, “बाळ, आपल्याकडे येणारा माणूस इंग्रजीत रडत नाही.”

“मला माणसं काय बोलतात ते कळतं,” मी कशीबशी म्हणाले. “काय बोलत नाहीत तेही थोडं कळतं. पण मला विचारलं की सुचत नाही.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला घेतलं. का घेतलं ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

लोकांना वाटतं की आम्ही मनातलं ओळखतो. आमच्या बिल्डिंगमधले एक काका मला पार्किंगमध्ये गाठून म्हणायचे, “सांग बरं, मी आत्ता काय विचार करतोय?” मी स्कूटर काढेपर्यंत ते गाडीच्या मागे उभे राहायचे, त्यामुळे हिला सोडायचं नाही, निदान तेवढं तरी ओळखता यायचं. खरं म्हणजे पहिलं वर्ष सगळं संख्याशास्त्रात आणि प्रयोगांत जातं. प्रयोगाला माणूस लागतो आणि माणूस मिळत नाही, म्हणून घरचाच धरायचा. स्मरणशक्तीच्या प्रयोगासाठी मी बाबांना धरलं. अर्थ नसलेले शब्द वाचून दाखवायचे आणि किती लक्षात राहिले ते बघायचं. लूफ, झिण, कोघ, असले. बाबांना जेमतेम चार आठवले. ते चिडले.

“पुन्हा घे.”

“पुन्हा घेता येत नाही, बाबा.”

“माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. तुझे शब्द वाईट आहेत.”

दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. मग एका सकाळी पेपर वाचता वाचता मान वर न करता म्हणाले, “कोघ.”

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक असतं. दवाखान्यात बसायचं, माणसांशी बोलायचं, प्रत्येकाची हकिकत नीट लिहायची आणि ठरलेले तास पूर्ण करायचे. ते झाल्याचं पत्र दवाखान्याने दिलं की मगच तोंडी परीक्षेला बसता येतं. मुलींना जागा मिळवताना चपला झिजवाव्या लागतात. मला एका फोनवर मिळाली. जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरडवाहू भागात, तात्यांच्या गावाजवळ एका ट्रस्टचा दवाखाना होता आणि तात्या त्या ट्रस्टवर होते. “आपल्याच पोरीला न्हाई म्हनायचं का?” ते फोनवर कुणाला तरी म्हणाले. मी रोज सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवरून एसटी धरायला लागले.

माझ्या खोलीला ‘मानसिक आरोग्य’ अशी पाटी लावली होती. त्या पाटीखाली कुणी उभं राहीना. माणसं बीपी मोजायच्या रांगेत थांबायची, बीपी मोजून घ्यायची आणि सिस्टरला हळूच विचारायची, “त्या ताई कधी मोकळ्या असत्यात?” शेवटी मी पाटी काढून आत ठेवली. एका आजींना शाईच्या डागांची चाचणी दिली. कार्डावरचा डाग दाखवायचा आणि काय दिसतं ते विचारायचं. आजींनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, मग मला परत दिलं. “कुनी तरी शाई सांडलीय, बाय. वाळायच्या आत पुसायची हुती.” चाचणीच्या पुस्तकात या उत्तराला कसे गुण द्यायचे ते कुठेही लिहिलेलं नाही.

खरा पेच दाराचा होता. आम्हाला शिकवलेलं असतं की बोलणं बंद खोलीत व्हावं, बाहेर ऐकू जाऊ नये. मी पहिल्याच आठवड्यात एका तरुण बाईला आत घेतलं आणि दार लावलं. थोड्या वेळातच सासूने दार वाजवलं. मग दिराने. मग दोघांनी मिळून. “आत काय चाललंय?” मी दार उघडलं तर ओपीडीतली सगळी बाकं आमच्याकडे बघत होती. त्या बाईने पदर डोक्यावर ओढला आणि ती निघून गेली. परत आली नाही. पुढे दोन दिवस बाजारात चर्चा होती की दवाखान्यात सुनांना कोंडून घेतात. गावात सुनेला आत घेऊन दार लावलं की त्याचे दोनच अर्थ होतात. तिने काहीतरी केलंय, किंवा ती कुणाचं तरी नाव सांगतेय. दोन्हींत मरण तिचंच.

म्हणून मग मी दार उघडं ठेवलं. त्यावर सासवा आत येऊन बसायला लागल्या.

“झोप लागते का?” मी सुनेला विचारायचे.

“लागती की,” सासू सांगायची. “पडल्या पडल्या घोरती.”

“भूक?”

“दोन भाकरी खाती. म्या स्वतः वाढते.”

सून आपल्या बोटांकडे बघत बसायची. मी सासूची झोप आणि सुनेची बोटं लिहून घरी यायचे.

दवाखान्याच्या आवारात, ओपीडीच्या समोरच, एक मोठा कडुनिंब होता. त्याला सिमेंटचा पार होता. एक दिवस खोलीत रंगकाम निघालं म्हणून मी तिथे जाऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं, की बाकावर बसलेल्या प्रत्येकाला मी दिसते आहे आणि मी काय बोलते ते कुणालाच ऐकू जात नाही. मला हवं होतं ते हेच होतं. दिसावं सगळ्यांना, पण ऐकू येऊ नये. तरी एक गोष्ट उरली होती. दोन बायका हातात काही नसताना नुसत्या बोलत बसल्या की लोकांना संशय येतो. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या गावातल्या स्टँडजवळून मेथीची जुडी घेतली.

तिथून पुढे माझ्या एम.ए.च्या निम्म्याहून जास्त केसेस मेथी निवडत झाल्या. मेथी नसेल तेव्हा गवार. बघणाऱ्याला वाटायचं, सून ताईंना भाजी निवडून देतेय, चांगलंच आहे. सासवा बाकावर निवांत बसायच्या. सुनेलाही माझ्या डोळ्यांत बघायला लागायचं नाही. काडी मोडायची, पान टाकायचं, आणि वाक्य अर्ध्यात राहिलं तर खाली बघायला मेथी असायचीच. जुडी संपली की आमची वेळ संपली, हे दोघींना न सांगता कळायचं. निवडलेली भाजी मी घरी न्यायचे. तो सगळा हिवाळा आमच्या घरात रोज मेथी होती. “तुझे पेशंट जरा पालक का आणत नाहीत?” बाबा विचारायचे.

मी हे सगळं हकिकतींच्या कागदांत जसंच्या तसं लिहिलं. कुलथे मॅडमनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“मेथीचं काय?”

“निवडतो, मॅडम.”

“जुडी कोण आणतं?”

“मी.”

“आणत राहा,” त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

आता कमल. तिचं नाव कमल नाही. तिचं गाव, वय, मुलंबाळं, सगळं मी बदललं आहे किंवा गाळलं आहे. तिच्या हातात हा अंक पडला तर हे आपल्याबद्दल आहे हे फक्त मेथीवरून तिला कळेल, आणि त्या पारावर मेथी निवडणाऱ्या बऱ्याच जणी होत्या.

डोकं दुखतं म्हणून तिला आणलं होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. पहिल्या दोन वेळा ती हो आणि नाही एवढंच बोलली. मीही फार बोलत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. तिसऱ्या वेळी तिने जुडी सोडली, एक काडी हातात धरून बघितली आणि तिला हसू फुटलं.

“ताई, ही असली जून मेथी कोन देतं तुमाला?”

“जून म्हणजे?”

“आवो, फुलावर आलीय ही. जनावराला घालायची. तुमाला बघूनच देत आसतील, शहरातली बाई हाय म्हनून.”

“मग चांगली कशी ओळखायची?”

तिने मला सांगितलं. पान कसं असतं, देठ कसा मोडतो, विकणारीशी कसं बोलायचं. सांगताना तिचा आवाज बदलला. आणि भाजीबद्दलचं सांगून झाल्यावर तो आवाज तसाच राहिला, आणि तिने दुसरं सांगायला सुरुवात केली. काय, ते मी इथेही लिहिणार नाही. वाचकांनी रागवू नये. पुढे जे झालं ते वाचल्यावर राग आला तर माझ्याऐवजी दुसऱ्या कुणावर तरी येईल.

त्यानंतर ती बरेच दिवस येत राहिली. डोकेदुखी कमी झाली. सासू डॉक्टरांना म्हणाली, गुण आला. आणि एका आठवड्यात कमल माहेरी गेली ती परत आलीच नाही.

माझी डिग्री सहा महिने उशिरा झाली. नातेवाइकांत असं पसरलं की मी नापास झाले. झाले नाही. ट्रस्टच्या दवाखान्याने मला तास पूर्ण झाल्याचं पत्र दिलं नाही, म्हणून मी ते सगळे तास शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून केले. माझ्या वर्गाचा पदवीचा फोटो आहे, त्यात मी नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वाटतं ते एका गोष्टीचं. मला त्या दवाखान्यात पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही, आणि पारावर यायला लागलेल्या चार-पाच बायकांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. त्या आल्या असतील, पार रिकामा बघून परत गेल्या असतील. त्यांना निरोप द्यायचीही सोय नव्हती, कारण निरोप घरच्यांच्याच हातून गेला असता.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी माझे कागद चाळले, त्यांत पारावरच्या हकिकतीही होत्या. “झाडाखाली? भाजी निवडत? याला शास्त्रीय पद्धत म्हणायचं का?”

“दार लावलं तेव्हा बाई परत आली नाही, सर. झाडाखाली आली.”

“पण तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?”

“बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये असं. ते गेलं नाही.”

त्यांनी मार्क फार दिले नाहीत. पण मी पास झाले.

मी इतकं सरळ बोलले याचं कुलथे मॅडमना नवल वाटलं. मला वाटलं नाही. त्याच्या आधी मी एकदा याहून अवघड ठिकाणी बोलले होते.

कमल माहेरी गेली त्या आठवड्यातल्या शनिवारी ओपीडी संपता संपता तात्यांचा निरोप आला, घरी जेवायला ये. मी गेले. तात्यांचा बंगला नवा आहे, सोफ्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. त्या सोफ्यावर कमलचे सासू-सासरे बसले होते. सासरे तात्यांचे लहानपणापासूनचे मित्र. मोठी आई आतून कुळथाच्या शेंगोळीचं पातेलं घेऊन आली. आधी जेवायचं, मग बोलायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. पण पहिला घास तोंडात असतानाच सासूने सुरुवात केली.

“कमल म्हायेरी जाऊन बसलीय. येत न्हाई म्हनती. कारन सांगत न्हाई. तुमच्यापाशी तासन् तास बसायची, भाजी निवडीत. काय बोलायची तेवढं कळू द्या आमाला.”

“आमी काय तिला खानार हाय का?” सासरे म्हणाले. “कारन कळलं तर विलाज करता यील.”

मी शेंगोळीचा तुकडा मोडला.

“आगं पोरी,” तात्या म्हणाले, “हितं परकं कोन हाय? घरातल्या घरात सांगायला काय जातं?” मग हसले. “आन् तुझं ते तास भरल्याचं पत्र माझ्याच सहीनं जायचंय न्हवं? का दुसरा कोनी काका हाय तुला?”

सगळे हसले. आमच्याकडे धमकी अशीच देतात, वाढता वाढता, हसत.

माझ्या डोक्यात शिकलेला इंग्रजी शब्द होता, कॉन्फिडेन्शिअॅलिटी. त्याला पुस्तकात गोपनीयता असा मराठी शब्दही आहे, पण तो मतदानाच्या दिवशी ऐकायचा शब्द आहे, शेंगोळीच्या ताटावर म्हणायचा नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तर आम्हाला सांगावं लागतं, आणि कुणाला सांगायचं हेही ठरलेलं असतं. त्यात काका येत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं आणि तोंडातून काही निघत नव्हतं.

मी गप्प आहे असं बघून सासू पुढे सरकली. “म्हंजी काईच बोलली न्हाई का? तसं आसंल तर तसं सांगा. मंग तिला तिथं जाऊनच इचारते. दवाखान्यात इतकं दिस बसलीस, तवा एक शबुद बोलली न्हाईस, आन् आता कसलं गाऱ्हानं काढतीस म्हनून.”

“नसंल बोलली,” मोठी आई एकदम म्हणाली. तिच्या हातात पळी होती. “ही तरी कुठं बोलती? दोघी मुक्या बसत आसतील मेथी निवडीत. वाढू का गं आजून?”

पुन्हा हसू झालं. मोठ्या आईच्या डोळ्यावर आता पट्टी नव्हती. ती माझ्याकडे नीट बघत होती, आणि मला कळलं की ती मला सोडवते आहे. मला बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसती मान हलवली असती, तीही नाही, नुसतं जेवत राहिले असते, तरी झालं असतं. कमल काही बोलली नाही असं त्या खोलीत ठरलं असतं, माझं पत्र आलं असतं आणि फोटोत मी असते. आणि सोमवारी हे चौघं गाडी करून तिच्या माहेरी गेले असते आणि अंगणात उभं राहून म्हणाले असते, की हिला काहीच त्रास नव्हता, विचारा त्या शिकलेल्या पोरीला.

लहानपणापासून मी गप्प राहून सुटत आले होते. शाळेत, लग्नाच्या बोलण्यांत, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. त्या दिवशी मी सुटले असते आणि कमल अडकली असती.

मी हातातला घास ताटात ठेवला.

“बोलली,” मी म्हणाले.

मोठ्या आईची पळी पातेल्यावर थांबली. “काय म्हनलीस?” तात्यांनी विचारलं. त्यांना खरंच ऐकू गेलं नव्हतं. माझा आवाज तेवढाच होता. मग मी तेच पुन्हा म्हणाले, मोठ्याने, बाहेर अंगणापर्यंत जाईल असं.

“पत्र देऊ नका, तात्या. पण कमल बोलली. पुष्कळ बोलली. आणि त्यातलं एक अक्षर मी तुम्हाला सांगणार नाही.”